हुरडा, ड्रोन आणि काठ्या घेऊन आलेलं गाव: २४९ ग्रॅमला नियम असतात की नसतात?

माळरान | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

आधी घडलं ते सांगतो, मग प्रश्न विचारतो.

काल मामांच्या गावी हुरड्याला गेलो होतो. शिरूर तालुका. गावाचं नाव सांगत नाही, मामांना तिथेच राहायचंय. दिवाळीत घेतलेला छोटा ड्रोन सोबत होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात २४९ ग्रॅम छापलंय आणि विकणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलं होतं की अडीचशेच्या आत काही लागत नाही, बिनधास्त उडवा.

दिवस मावळायला आला होता. आगटीतून धूर निघतोय, एका बाजूला ज्वारी, पलीकडे उसाचा फड. म्हटलं वरून एकदा घेऊ. साठ मीटरवर चढवला आणि उसावरून नदीच्या अंगाला वळवला. पाच मिनिटंही झाली नसतील. आधी वस्तीवरची कुत्री उठली, मग शिट्ट्या, मग मोटरसायकली. बांधावरून पंधरा-वीस माणसं आली. निम्म्यांच्या हातात काठ्या, एकाने तर येता येता ऊसच मोडून घेतला होता. पहिला प्रश्न आला, "वनखात्याचं हाय का?" मी म्हटलं, नाही, माझाच आहे, हौस म्हणून. तिथून आवाज चढले.

मामा गावात सोसायटीवर आहेत म्हणून अंगावर काही आलं नाही. पोलीस पाटील आले, ड्रोन उतरवायला लावला, बॅटरी वेगळी काढून घेतली आणि दोन्ही साखरेच्या रिकाम्या पिशवीत घालून घेऊन गेले. ताटातला हुरडा तसाच गार झाला. मामी अजून बोलत नाहीये.

प्रश्न असे: अडीचशे ग्रॅमच्या आत खरंच नियम नाहीत का? सरकारच्या ड्रोन-नकाशावर (हिरवा मोकळा, पिवळा परवानगीचा, लाल मनाईचा) ते गाव हिरव्यात दिसतंय, मग चूक कुणाची? आणि ड्रोन परत कसा मिळवायचा?

---

पेडगावकर | ११ जानेवारी, रात्री १०:०५

मामी बोलत नाहीत हा यातला सगळ्यात मोठा दंड. बाकी किरकोळ.

माळरान, तुम्ही २०२४च्या जून-जुलैत कुठे होतात? पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागत होती. तेच लोण पुढे जालना, बीड, संभाजीनगरकडे गेलं. चोर वरून घरं हेरतात अशी बोलवा होती, विषय विधिमंडळात निघाला. आमच्या वाडीत पाळ्या लावून गस्त घातलीय लोकांनी. त्यात आता बिबट्या, म्हणून तर वनखात्याचं विचारलं. संध्याकाळच्या वेळी उसावरून लाल-हिरवा दिवा गुणगुणत जायला लागल्यावर माणसं काठी घेऊन येणार नाहीत तर काय आरती घेऊन येणार?

---

सरळमार्गी | ११ जानेवारी, रात्री ११:२०

ड्रोन प्रशिक्षणाच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

गोंधळाचं मूळ असं की यूट्यूबवर २०१८च्या नियमांचे व्हिडिओ अजून फिरताहेत. १ डिसेंबर २०१८पासून डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) जी पद्धत लागू झाली, तिच्यात नॅनो, म्हणजे अडीचशे ग्रॅमपर्यंतचा ड्रोन अनियंत्रित हवाई हद्दीत ५० फुटांच्या खाली उडवला तर नोंदणी लागत नव्हती. "अडीचशेच्या आत काही लागत नाही" हे वाक्य त्या काळातलं आहे, आणि तेव्हाही ५० फुटांपुरतंच होतं. तुम्ही साठ मीटर, म्हणजे जवळजवळ २०० फुटांवर होतात.

आता चालतात ते ड्रोन नियम २०२१. अधिसूचना २५ ऑगस्ट २०२१ची. त्यात वजनाचे वर्ग आहेत: २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, तिथून २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. पुढचे दोन वर्ग हौशी माणसाच्या कामाचे नाहीत. नॅनोला तीन गोष्टींतून सूट आहे. टाइप सर्टिफिकेट (त्या बनावटीच्या ड्रोनला मिळणारी मान्यता) लागत नाही, रिमोट पायलट सर्टिफिकेट (उडवणाऱ्याचा परवाना) लागत नाही आणि थर्ड पार्टी विमा सक्तीचा नाही. मायक्रो असेल आणि हौसेसाठीच उडवत असाल तरी पायलट सर्टिफिकेट लागत नाही, विमा मात्र लागतो.

नोंदणीतून सूट नॅनोलाही नाही. प्रत्येक ड्रोनचा यूआयएन घ्यायचा, म्हणजे गाडीच्या नंबरासारखा नंबर. फी १०० रुपये. हा नंबर ड्रोनचा अनुक्रमांक, त्यातलं फ्लाइट कंट्रोल मॉड्यूल (उडणं सांभाळणारा बोर्ड) आणि रिमोट, या तिघांना मिळून जोडलेला असतो. दुरुस्तीत बोर्ड किंवा रिमोट बदलला तर सरकारी पोर्टलवर कळवावं लागतं. जुना ड्रोन विकत घेतलात तर नंबर तुमच्या नावावर करून घ्यायचा, सेकंडहँड स्कूटरसारखाच. लोक करत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वजनाचंही एक सांगतो. मोजायचं ते उडताना असेल तितकं, वर लावलेल्या सगळ्या सामानासकट. २४९च्या ड्रोनला पंख्यांचे गार्ड लावले किंवा जास्त चालणारी मोठी बॅटरी घातली की तो २९०च्या आसपास जातो आणि मायक्रो होतो. खोक्यावर काय छापलंय याला तिथे किंमत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा.

दंड कमाल १ लाखापर्यंत.

---

कवठीचाफा | १२ जानेवारी, सकाळी ७:१५

बाप रे. माझ्या भाच्याला वाढदिवसाला दीड हजाराचा ड्रोन दिलाय, हाताच्या पंजाएवढा. दिवाणखान्यात उडवतो आणि दर दोन मिनिटांनी पंख्याला धडकतो. त्याचाही नंबर काढायचा का आता?

---

सरळमार्गी | १२ जानेवारी, सकाळी ८:०२

@कवठीचाफा, दिवाणखान्यात खुशाल धडकू द्या. घराच्या छताखाली कोणी विचारायला येत नाही. गच्चीवर न्यायचा म्हणेल तेव्हा मात्र विषय निघेल, कारण नियमात खेळण्यांसाठी वेगळा खण नाही.

---

विंगकाका | १२ जानेवारी, सकाळी १०:३०

आम्ही बाल्साची विमानं हाताने कापून, टिश्यू चिकटवून, डोपचा (टिश्यूवर लावायच्या लॅकरचा) वास घेत उडवलेली माणसं. तेव्हा परवानगी मैदानाच्या रखवालदाराकडून मिळायची, तीही चहावर. मग ऑक्टोबर २०१४मध्ये डीजीसीएची जाहीर सूचना आली आणि सामान्य माणसाचं उडवणं एकदम बंद. चार वर्षं कुणाला धड काही कळत नव्हतं. त्या मानाने २०२१चे नियम पुष्कळ सुटसुटीत आहेत, हे आम्हा जुन्यांना विचारा.

सरळमार्गींनी एक गोष्ट लिहिली नाही. 'मॉडेल' म्हणून एक प्रकार त्याच नियमांत आहे. २५ किलोपर्यंतचं विमान किंवा ड्रोन, फक्त शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी, आणि डोळ्यांना दिसेल एवढ्याच अंतरात. असं असेल तर टाइप सर्टिफिकेट नको. घरी फ्रेम बांधणाऱ्या पोरांना याचाच आधार आहे.

यातली 'डोळ्यांना दिसेल' ही अट सगळेच धाब्यावर बसवतात. डब्यावर लिहिलेलं असतं, रेंज दहा किलोमीटर. अडीचशे ग्रॅमचा राखाडी ड्रोन तीनशे-चारशे मीटरवर गेला की माझ्या डोळ्यांना ठिपकाच दिसतो. तोंड कुठे, शेपूट कुठे, कळत नाही. तिथून पुढे तुम्ही मोबाइलच्या पडद्यावर भरवसा ठेवून उडवताय. पडद्याला खालून येणारी घार दिसत नाही. माझा एक असाच घारीने धरलाय. नेला नाही, पण पंखे मोडून टाकला मुळा नदीत.

---

दर्याफिरस्ता | १२ जानेवारी, दुपारी १:१०

उरणकरांची व्यथा ऐका. मी गेली दोन वर्षं सकाळी खाडीकडे जाऊन उडवायचो. २५ डिसेंबरपासून नवी मुंबईचं विमान सुरू झालं आणि आमचं आकाश गेलं. विमानतळ चालू असेल तर त्याच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ६० मीटरपर्यंतच मोकळीक, त्यावर गेलात की हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी. आठच्या आत तर परवानगीशिवाय नावच नको. आमच्याकडे तसंही नौदल आणि बंदर होतंच. आता नकाशा उघडायचीही इच्छा होत नाही.

मुंबईकरांनी तर नकाशाकडे बघूच नये. पोलीस आयुक्तालयाचा आदेश असतो: ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवर चालणारी छोटी विमानं, गरम हवेचे फुगे, सगळं बंद. साधारण महिनाभराचा आदेश, तो संपत आला की नवा. मे २०२५मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हा तर फारच कडक होतं.

---

माळरान | १२ जानेवारी, दुपारी २:२५

सगळ्यांचे आभार. पण मग माझा दुसरा प्रश्न तसाच राहतो. शिरूर हिरव्यात. लोहगाव विमानतळ तिथून कितीतरी लांब. हिरव्यात परवानगी लागत नाही ना?

---

काळाकोट | १२ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

हिरव्यात १२० मीटरपर्यंत उड्डाणाची परवानगी लागत नाही, बरोबर. पण हिरवा रंग म्हणजे सरसकट मोकळीक नव्हे. त्यावर तीन पदर चढतात.

राज्य सरकार किंवा पोलीस तातडीच्या कारणासाठी एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतात, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. हे अधीक्षक दर्जाच्या किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने डिजिटल स्कायवर, म्हणजे सरकारच्या ड्रोन संकेतस्थळावरच्या नकाशावर, टाकायचं असतं. म्हणून नियमच सांगतो की उडवण्याआधी त्या दिवशीचा नकाशा बघा. दिवाळीत पाहिलेला चालत नाही.

दुसरा पदर दर्याफिरस्ता यांनी सांगितलेला. हे मनाई आदेश ड्रोन नियमांखाली निघतच नाहीत. पूर्वीचं कलम १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. ते नकाशावर दिसायचं कारण नाही, वर्तमानपत्रात किंवा पोलिसांच्या समाजमाध्यमावर दिसेल. मोडलात तर भारतीय न्याय संहितेचं कलम २२३, सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माणसांच्या जिवाला धोका झाला तर वाढतं. त्यामुळे जिथे उडवायचं तिथल्या पोलीस ठाण्याला फोन. दोन मिनिटांचं काम आहे. ठाणे अंमलदार वैतागतो, पण सांगतो.

तिसरा पदर खासगीपणाचा. कुणाच्या अंगणावर, न्हाणीघराच्या खिडकीशी कॅमेरा थांबला आणि बाईमाणसाची तक्रार आली तर न्याय संहितेचं कलम ७७ (चोरून पाहणं) लागू शकतं. तिथे "मी सूर्यास्त घेत होतो" हे न्यायाधीशांना पटवत बसावं लागेल.

आता ड्रोन परत मिळवण्याचं. पोलीस पाटलांशी अधिकारावरून हुज्जत घालू नका. ठाण्यात जा, लेखी अर्ज द्या, ड्रोन कुणाच्या ताब्यात आहे त्याची पोच मागा. सोबत यूआयएन आणि खरेदीचं बिल न्या. आणि हो, गावकऱ्यांनाही काठी मारून ड्रोन पाडायचा हक्क नाही, ते नुकसान केल्याचं कलम त्यांच्यावर येतं. हे मात्र बांधावर उभं राहून त्यांना ऐकवू नका.

---

माळरान | १२ जानेवारी, रात्री ८:१५

बिल... नाही. ओळखीच्या माणसाकडून घेतला. त्याने दुबईहून आणलेला.

---

पेडगावकर | १२ जानेवारी, रात्री ८:१८

हे तुम्ही पहिल्या पोस्टीत लिहायचं होतं हो.

---

सरळमार्गी | १२ जानेवारी, रात्री ९:००

मग गाडं इथेच अडलं. ९ फेब्रुवारी २०२२पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. पूर्ण जोडलेला असो वा सुटे भाग करून आणलेला संच, दोन्ही. सूट संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढ्यालाच. भाग मोकळेपणी येतात, म्हणून इथे जोडणी करणारे उद्योग उभे राहिले. बॅगेतून येणारा ड्रोन कस्टमच्या घोषणापत्रात लिहावा लागतो. तो रकाना लोक रिकामा ठेवतात, आणि सापडला की विमानतळावरच राहतो.

तुमच्याकडे आयातीचा कागद नाही, बिल नाही. नोंदणीच्या अर्जात काय जोडणार?

---

न्यूजर्सीची_नणंद | १२ जानेवारी, रात्री ९:४५ (तुमच्याकडे)

भावाने माझ्याकडे तीनदा मागितलाय, "येताना घेऊन ये ना, तिकडे स्वस्त मिळतो." हा धागा त्याला पाठवला आहे.

इकडे २५० ग्रॅमच्या आत हौसेसाठी नोंदणी नाही, हे खरं. त्यावर ५ डॉलर, तीन वर्षांसाठी. पण एफएएची (इकडच्या विमान वाहतूक खात्याची) ट्रस्ट नावाची छोटी ऑनलाइन परीक्षा प्रत्येक हौशी माणसाला द्यावी लागते, ड्रोन कितीही हलका असला तरी. राष्ट्रीय उद्यानांत २०१४पासून बंदी. माझ्या नवऱ्याने ट्रस्ट दिली, प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं आणि ड्रोन एकदाच उडवला. शेजाऱ्याच्या मेपलमध्ये आहे अजून.

आणि पेडगावकर, हसू नका गावच्या लोकांना. २०२४च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आमच्या न्यू जर्सीत अगदी हेच झालं. रात्री आकाशात दिवे, लोक अंगणात खुर्च्या टाकून बसलेले, गव्हर्नरपासून सगळ्यांना प्रश्न. त्यातले बरेचसे दिवे साध्या विमानांचे निघाले. काठ्या नव्हत्या एवढंच. इथे लोकांना बंदुका घेऊन बाहेर पडू नका म्हणून सांगावं लागलं.

---

कड्यावरचा | १३ जानेवारी, सकाळी ६:४०

गडांवर नेणाऱ्यांसाठी लिहितो. दर शनिवारी कुणीतरी विचारतंच.

गेल्या जुलैत मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला तेव्हापासून गर्दीही वाढली आणि ड्रोनही. या बारांत रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जिंजी हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे. राजगड, साल्हेर, प्रतापगड, खांदेरी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाचे. नकाशात गड हिरवा दिसला तरी स्मारकावर कॅमेरा उडवायला त्या त्या खात्याची परवानगी हवी. हरिश्चंद्रगडावर तिसरंच खातं, कारण तो कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. तिथे वनखातं. कोकणकड्यावर धुक्यात उभं राहून "इथे कोण बघतंय" म्हणणाऱ्यांनी पाचनईच्या नाक्यावर पावती फाडताना बॅग उघडून दाखवायची तयारी ठेवावी.

याहून मोठी चूक उंचीची. ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची ही जिथून उडवला त्या जागेपासूनची असते. नियमातली १२० मीटर खालच्या जमिनीपासून. कोकणकड्याच्या धारेवरून ड्रोन सरळ समोर नेलात, पडद्यावर दाखवतोय १० मीटर, आणि खाली कोकणचं जंगल कित्येक शे मीटर खोल. एक इंचही वर न चढता तुम्ही हिरव्यातून पिवळ्यात गेलात. ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोन वर्षं सगळ्या कड्यांवरून हेच करत होतो.

उलटही होतं. दरीत खाली उतरवला आणि सिग्नल गेला तर तो स्वतःहून परत येताना आधी ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत येतो. ती उंची उडवण्याच्या जागेवरून तीस मीटर ठेवलेली, आणि मध्ये बुरूज पन्नासचा. ठण्ण.

आणि मोहोळं. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळ असतं. ड्रोनची गुणगुण आणि पंख्यांचा वारा त्यांच्याजवळ नेलात तर माश्या ड्रोनमागे नाही, माणसांमागे लागतात. एका गडावर, चाळीस माणसं वाटेवर असताना, कुणीतरी कपारीजवळ ड्रोन नेला होता. आम्ही अंगावर चादरी ओढून अर्धा तास पालथे पडून होतो. ज्याचा ड्रोन होता तो सगळ्यात आधी पळाला. यात कायद्याचं कलम शोधू नका, एवढी अक्कल असावी.

---

कवठीचाफा | १३ जानेवारी, सकाळी ९:३०

कड्यावरचा, उंचीचं वाचून डोकंच चाललं माझं. किती सोपं आणि किती न सुचणारं.

एक शंका. मी शाळेत शिकवते. आमच्या नववीच्या मुलांना विज्ञान प्रदर्शनासाठी ड्रोन बनवायचाय. शाळेच्या मैदानावर उडवला तर?

---

सरळमार्गी | १३ जानेवारी, सकाळी ११:१५

मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधन, विकास आणि चाचणीसाठी नोंदणी, सर्टिफिकेट वगैरेतून सूट आहे. दोन अटी: जागा हिरव्यात हवी, आणि उड्डाण संस्थेच्या स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत हवं. मैदान चालेल. आधी नकाशात शाळा शोधा आणि मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या. मुलांना पंखे लावायच्या आधी मोटर तपासायला शिकवा. हातात धरून सुरू करणं हा बोटं कापून घेण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

---

फोटोवाला_बंड्या | १३ जानेवारी, दुपारी १२:५०

लग्नसराई चालू आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे ९०० ग्रॅमचा आहे. मित्राच्या लग्नात फुकट उडवला तर हौस, पैसे घेतले तर धंदा, बरोबर?

---

काळाकोट | १३ जानेवारी, दुपारी १:३०

@फोटोवाला_बंड्या, पैसे घेतले की धंदा, मग मायक्रोला रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं. त्याला वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण. मिळालं की दहा वर्षं चालतं. फुकटात उडवलात तरी विमा आणि नंबर सुटत नाही. आणि "फुकट" म्हणजे अल्बमच्या बिलात पाच हजार वाढवणं नव्हे, हे आपण दोघंही जाणतो.

---

फोटोवाला_बंड्या | १३ जानेवारी, दुपारी १:३४

🙏

---

विंगकाका | १३ जानेवारी, दुपारी ४:००

पुण्यातल्या नव्या मंडळींना जागेचं विचारायचं असेल तर आधीच सांगतो. लोहगावला हवाई दल, खडकवासल्याला एनडीए, पाषाणला संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा, खडकीला दारूगोळा कारखाना, देहूरोड, दिघी. नकाशावर पुणं म्हणजे गोवर आलेलं पोर. सिंहगडाच्या पायथ्याला उभं राहून एनडीएच्या दिशेने उडवू नका, तिथे समज देऊन सोडतील अशी आशा धरू नका. आम्ही आता चाकणच्याही पुढे जातो, सकाळी सातला, वारा पडलेला असताना. शेतमालकाला आधी विचारतो. ते म्हणतात, उडवा, पण आमच्या गाभण म्हशीपासून लांब.

---

पेडगावकर | १३ जानेवारी, संध्याकाळी ५:२०

गावाकडे हवेतल्या यंत्राचं वावडं नाही बरं का. स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली तेव्हा आदल्या दिवशी दवंडी, सगळ्यांनी आपापल्या हद्दीवर चुन्याच्या रेषा मारल्या, पोरं शाळा बुडवून बघायला आली. फवारणीचा ड्रोन येतो तेव्हा बांधावर जत्रा असते. फरक एवढाच की ते सांगून येतात. दिवसा येतात. आणि उडवणारा समोर उभा असतो. तुमचा ड्रोन उसावर आणि तुम्ही आगटीजवळ. वस्तीवरल्या माणसाला फक्त दिवा दिसला.

---

माळरान | १७ जानेवारी २०२६, रात्री ८:५०

अपडेट देतो.

आज गावी गेलो, मामांना घेऊन ठाण्यात. काळाकोट म्हणाले तसा अर्ज लिहून नेला. नंबर नाही, बिल नाही, हे आपणच आधी सांगून टाकलं. साहेबांनी अर्ज वाचला, मला वाचला, चहा मागवला. मग अर्धा तास जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. माझ्याकडून लिहून घेतलं की हा ड्रोन नोंदणीशिवाय उडवणार नाही. गुन्हा दाखल केला नाही. पिशवी परत मिळाली, आत थोडी साखरही होती.

ड्रोन कपाटात ठेवलाय. इथे बनलेला नॅनो बघतोय, बिलासकट. गेल्या सप्टेंबरपासून ड्रोनवर जीएसटी ५ टक्के झालाय, तेवढाच दिलासा. नंबर आल्याशिवाय खोकंही उघडणार नाही म्हणतोय, बघू किती दम निघतो.

परत निघताना पोलीस पाटील वेशीपाशी भेटले. मी मान खाली घालून चाललो होतो. त्यांनी थांबवलं. म्हणाले, "पाव्हणं, राग धरू नका. गाव घाबरलं होतं." मग गाडीच्या खिडकीवर हात ठेवून, जरा आवाज उतरवून, "ते वरनं नीट दिसतं म्हणता, तर आमच्या शेततळ्याचा एक फोटो काढून द्या की. प्लास्टिकचा कागद कुठं फाटलाय ते खालनं काय समजंना."

मी म्हटलं, नंबर येऊ द्या. ते म्हणाले, "नंबर कशाला, मी हाय ना."

---

काळाकोट | १७ जानेवारी, रात्री ९:०२

नाही. नंबर आल्यावरच.

---

कवठीचाफा | १७ जानेवारी, रात्री ९:१०

मामी बोलल्या का?

---

माळरान | १७ जानेवारी, रात्री ९:१६

डबा दिलाय. हुरड्याचं थालीपीठ. बोलल्या नाहीत अजून.